तारे नकोत, चिठ्ठ्या काढा: कार्यकर्त्यांच्या मोठ्या ग्रुपातली चर्चा चाळायची कशी?

शहाद्याच्या एका कार्यकर्तीने विचारलंय: नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांचा सुमारे ६०० जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात केळी-कापसाचे शेतकरी आहेत, सातपुड्यातले वनहक्काचे दावेदार आहेत, शहरांतले विद्यार्थी आणि कामगार आहेत. दिवसाला ४०० संदेश पडतात आणि कामाचं सगळं बुडून जातं. बैठकीत ठराव असा आलाय की प्रत्येक संदेशाला सगळ्यांनी एक ते पाच तारे द्यायचे आणि दोनपेक्षा कमी सरासरी आली तर ॲडमिनने संदेश काढून टाकायचा. हे बसवायचं कसं?

ताई, बसवता येईल, पण असं बसवू नका. गर्दी कमी करणं ही तुमची खरी अडचण नाही. ती हवी तर एका दिवसात कमी होते, ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ हे बटण दाबलं की संपलं. अडचण ही आहे की तीन वेगळ्या पोटाच्या प्रश्नांचे लोक एका ठिकाणी बोलतायत, आणि त्यातलं काय सगळ्यांपर्यंत पोचावं हे कोणी ठरवायचं, ते ठरलेलं नाही. ताऱ्यांनी ते ठरत नाही. ज्यांची संख्या जास्त त्यांच्या हातात ते आपोआप जातं.

एका ताऱ्यात तीन प्रश्न कोंबलेले असतात. हे खरं आहे का? हे कामाचं आहे का? आणि हे मला पटतं का? माणूस तारा देताना बहुतेक वेळा तिसऱ्याचं उत्तर देतो. समजा अक्कलकुव्याकडच्या विस्थापितांच्या वसाहतीतून कोणी लिहिलं, ‘नव्या उपसा योजनेचं पाणी आधी आमच्या वसाहतींना मिळालं पाहिजे.’ तापीकाठच्या शेतकऱ्यांना ते पटणार नाही, ते एकेक तारा देतील. सरासरी १.८ येईल आणि संदेश जाईल. तो खोटा नव्हता, निरुपयोगी तर मुळीच नव्हता. उलट तुमच्या एकजुटीत पुढे कुठे भेग पडणार आहे, हे त्याने आधीच सांगितलं होतं. असं दोन-तीनदा झालं की तो माणूस लिहिणं थांबवतो आणि महिनाभरात ग्रुप सोडतो. तो का गेला, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या तंत्राचा उगमही लक्षात घ्या, म्हणजे ते कशासाठी आहे ते कळेल. ‘सामूहिक चाळणी’ या अर्थाचं नाव १९९२ च्या सुमाराला झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात, टॅपेस्ट्री नावाच्या ईमेल व्यवस्थेसाठी वापरलं गेलं. १९९४ मध्ये ग्रुपलेन्स या संशोधन प्रकल्पाने यूजनेटवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांतल्या, संदेशांना १ ते ५ गुण देण्याची पद्धत आणली. तुमच्यासारखे गुण देणारे लोक शोधायचे आणि त्यांना जे आवडलं ते तुम्हाला दाखवायचं, असं तिचं सूत्र होतं. पुस्तक किंवा गाणं निवडायला हे उत्तम. चळवळीत मात्र ते उलटं काम करतं. शेतकऱ्याला शेतकऱ्यांचं दिसतं, पाड्यावरच्याला पाड्यावरचं. एका ग्रुपात राहून तीन ग्रुप होतात.

तुम्हाला हवी आहे ती पुढची पायरी: एरवी ज्यांचं जमत नाही त्या दोघांनाही जे कामाचं वाटलं, ते वर आणायचं. ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये बर्डवॉच सुरू केलं, म्हणजे दिशाभूल करणाऱ्या पोस्टला वापरणाऱ्यांनीच खुलाशाची टीप जोडायची सोय. पुढे त्याचं नाव कम्युनिटी नोट्स झालं. तिथे एखाद्या टिपेला नुसतं बहुमत मिळून भागत नाही. एरवी वेगवेगळ्या बाजूंनी मत देणाऱ्यांनी तिला उपयुक्त म्हटलं, तरच ती सगळ्यांना दिसते. त्यांचं गणित मोठ्या आकड्यांचं आहे, ६०० जणांत चालणार नाही. पण तत्त्व साध्या वहीवरही उतरवता येतं.

आता तुमची रचना. सगळ्यांना मत द्यायला सांगू नका. हे कार्यकर्त्यांना पटवणं सगळ्यात अवघड जातं, कारण ‘सगळ्यांचं मत’ म्हणजे लोकशाही असं वाटतं. प्रत्यक्षात ६०० पैकी मत देतात ते थोडे आणि ठरावीक, ज्यांच्या हाताला दिवसभर फोन असतो ते. समजा खुल्या मतदानात ६० जणांनी मत दिलं आणि त्यात २० जणांनी ठरवून एका बाजूला दिलं, तर एक तृतीयांश मतं त्यांच्या खिशात. त्याऐवजी चिठ्ठ्या काढा. ग्रुपाच्या तीन तुकड्या धरा: शेतकरी, वनहक्काचे दावेदार आणि शहरातले. दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतून ५, असे १५ निवडकरी. एका तुकडीत २०० जण धरले आणि त्यातले २० संगनमत केलेले असले, तरी ५ चिठ्ठ्यांत त्यांचे ३ किंवा जास्त निघण्याची शक्यता शंभरात एकही नाही. शिवाय संदेश वर जायला तीनही तुकड्यांची मतं लागणार असल्याने (मोजणी पुढे येते) एका तुकडीतली टोळी काहीही एकटीने वर ढकलू शकत नाही.

चिठ्ठ्या एक्सेलमध्ये काढता येतात: नावांसमोर यादृच्छिक आकड्यांचा रकाना घालायचा, त्यानुसार क्रम लावायचा आणि वरची पाच घ्यायची. पण माझं मत विचाराल तर डब्यातल्या कागदी चिठ्ठ्याच बऱ्या. त्या काढताना दुसऱ्या दोन तुकड्यांतला एकेक जण हजर ठेवा. संगणकाने निघालेल्या नावांवर शंका घेणारे निघतात, डोळ्यांसमोर काढलेल्या चिठ्ठीवर सहसा नाही. एकदा नाव निघालेला माणूस पुढचे चार आठवडे डब्यात नको.

दोन ग्रुप ठेवा. पहिला ‘आवक’, सध्याचाच, जिथे सगळे लिहितात. दुसरा ‘निवडक’, जिथे फक्त ॲडमिन टाकतात आणि सगळे वाचतात. ‘निवडक’मध्ये माल रोज टाकू नका, बुधवारी आणि रविवारी टाका. दोनदाच का, ते खाली धडगावच्या संदर्भात येईल.

आवकमधलं सगळं पंधरा जणांपुढे नेणं शक्य नाही. साडेतीन दिवसांचे १,४०० संदेश होतात. म्हणून नामनिर्देशनाची अट घाला. ज्याला एखादा संदेश महत्त्वाचा वाटतो त्याने त्या संदेशाला उत्तर म्हणून ‘#चाळणी’ एवढंच लिहायचं. स्वतःच्या संदेशाला नाही, आणि एका फेरीत एका माणसाला दोनच वेळा. मग दोन स्वयंसेवकांनी ग्रुपमधल्या शोधपट्टीत ‘#चाळणी’ टाकलं की यादी समोर येते. ती ४० वर थांबवा. जास्त आले तर ज्यांना एकाहून जास्त तुकड्यांतल्या लोकांनी सुचवलंय ते आधी घ्या, उरलेल्यांच्या चिठ्ठ्या. ४० संदेशांना प्रत्येकी वीस सेकंद धरले तर सव्वा ते दीड चहाचा वेळ लागतो, सुमारे १३ मिनिटं. याहून जास्त काम दिलंत तर दुसऱ्या आठवड्यात लोक न वाचता खुणा करायला लागतात.

गूगल फॉर्मच्या तीन लिंक करा, प्रत्येक तुकडीला वेगळी. त्यामुळे ईमेल न घेताही कुठल्या तुकडीचं उत्तर आहे ते कळतं. प्रत्येक निवडकऱ्याला आठवड्यापुरता चार आकडी चिठ्ठीक्रमांक द्या आणि तो फॉर्ममध्ये लिहायला लावा, म्हणजे एकाने दोनदा भरलं तर दिसेल. संदेश चिकटवताना लिहिणाऱ्याचं नाव आणि संघटना काढून टाका. हे काटेकोरपणे पाळा, कारण नाव दिसलं की माणूस मजकूर वाचत नाही, नेत्याला हो म्हणतो किंवा त्याच्या विरोधकाला नाही म्हणतो. प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा येईल अशी सोय फॉर्ममध्ये आहे, ती चालू ठेवा. निकालाचा गोषवारा दाखवण्याची सोय बंद ठेवा.

शेवटची सूचना किरकोळ वाटेल, पण ती तशी नाही. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या काही टिप्पण्यांना सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत दिलं गेलं. तेवढ्यावर त्यांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. पहिलं मत पुढच्यांना ओढतं. व्हॉट्सॲपच्या अंगठ्यांवरून गुण मोजू नयेत तेही याचसाठी: कोणी अंगठा दिला ते सगळ्यांना दिसतं, आणि जिल्हा पातळीवरच्या माणसाचा अंगठा पडला की मागे रांग लागते.

फॉर्ममध्ये प्रत्येक संदेशाखाली प्रश्न एकच असावा: ‘हा मुद्दा तिन्ही तुकड्यांनी वाचायला हवा का?’ उत्तरं तीन: हवा, नको, समजलं नाही. पटतं का, हे विचारूच नका. प्रश्नाखाली एक ओळ कायम ठेवा: ‘तुम्हाला न पटणारा मुद्दाही वाचण्याजोगा असू शकतो.’ दोघांनी ‘समजलं नाही’ म्हटलं तर संदेश लिहिणाऱ्याकडे परत जातो, सोपा करून पुढच्या फेरीत येतो. तो नापास धरायचा नाही.

मोजणी अशी. तिन्ही तुकड्यांत पाचपैकी किमान तिघांनी ‘हवा’ म्हटलं तर संदेश निवडकमध्ये जातो. एका संदेशाला शेतकऱ्यांकडून ५, वनहक्कवाल्यांकडून १, शहरातून ४, अशी एकूण १० मतं पडली. दुसऱ्याला ३, ३, ३, म्हणजे ९. बेरजेत पहिला जिंकतो, या पद्धतीत दुसरा जातो. पण पहिला फेकायचा नाही. ज्याला एका तुकडीने ४ किंवा ५ दिले आणि दुसरीने शून्य किंवा १, तो ‘तीव्र मतभेद’ या शीर्षकाखाली ठेवायचा. दर फेरीत अशा दोन जागा राखीव ठेवा, आणि त्या रिकाम्या ठेवून चालणार नाही असा नियमच करा. एखाद्या फेरीत इतका तीव्र मतभेद नसेल, तर सर्वांत जास्त तफावत असलेले दोन घ्या. केवळ तिन्ही तुकड्यांना चालणारं वर आणत राहिलात तर महिनाभरात निवडकमध्ये फक्त शुभेच्छा, निषेध आणि बैठकीच्या तारखा उरतील. सगळ्यांना जोडणाऱ्या पद्धतीचा हा अंगभूत दोष आहे, गुळगुळीत तेच तरंगतं. राखीव जागा हा त्यावरचा उपाय. अक्कलकुव्याचा तो पाण्याचा संदेश याच वाटेने सर्वांसमोर येईल.

पाच हा आकडा लहान आहे, एका माणसाने मत फिरवलं तरी निकाल फिरतो. ते चालतं, कारण इथे काहीही पुसलं जात नाही. न निवडलेलं आवकमध्ये असतंच. वेगवेगळ्या दोन तुकड्यांतल्या मिळून तिघांनी मागणी केली तर संदेश एकदा पुन्हा चाळणीला लावावा.

खरं-खोटं मात्र मतांनी ठरवायचं नाही. यावर मी जरा थांबतो, कारण खान्देशात याची किंमत मोजली गेली आहे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातली ती माणसं होती. त्या दिवसांत अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्या संदेशांना कोणी तारे द्यायला सांगितलं असतं, तर पाच-पाच मिळाले असते. काळजीने पुढे पाठवलेला संदेश प्रत्येकाला कामाचाच वाटतो. अफवेला बहुमत सहज मिळतं, म्हणूनच ती पसरते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये अनेकदा पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एका ठिकाणावर आणली. दुहेरी बाण दिसतो तो अशाच संदेशावर. तुमचा नियम सोपा असू द्या: दुहेरी बाण असलेला संदेश चाळणीत घ्यायचाच नाही. ज्याला तो महत्त्वाचा वाटतो त्याने मूळ बातमी, तारीख आणि गाव शोधून स्वतःच्या शब्दांत लिहावं.

घटनेचा दावा असेल तर तो फॉर्मच्या आधी पडताळणीकडे जातो. दोन फोन, दोन्ही त्या जागी असलेल्या माणसांना, आणि ते दोघं एकमेकांकडून ऐकून सांगणारे नसावेत. ‘सीसीआयचं (भारतीय कापूस महामंडळाचं) खरेदी केंद्र उद्यापासून बंद’ असं आलं तर एक फोन केंद्रावर आणि एक तिथे गाडी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला. ‘१० टक्के ओलाव्याचा कापूस घेतच नाहीत’ असं आलं तर आधी नियम बघा: सीसीआय ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस कपात लावून घेतं, मग खरोखर परत पाठवला का ते विचारा. नियम एक आणि केंद्रावरचा अनुभव दुसरा असेल तर तीच खरी बातमी आहे. संदेशावर तीनपैकी एक शिक्का मारा: ‘पडताळलं’, ‘पडताळणी चालू’, ‘चुकीचं’, आणि पडताळल्याची वेळ लिहा. तातडीचा मजकूर, म्हणजे अटक, अपघात, पूर, बुधवार-रविवारची वाट न पाहता ‘पडताळलं’ शिक्क्यासह लगेच निवडकमध्ये जाऊ द्या. चूक निघाली तर दुरुस्ती त्याच ग्रुपात, त्याच जागी द्या.

आता धडगाव. अक्राणी (म्हणजे धडगाव तालुका) आणि अक्कलकुव्याच्या बऱ्याच पाड्यांवर रेंज मिळत नाही, माणूस बाजाराला किंवा तालुक्याला आला की फोन जागा होतो. २४ तासांत मत मागितलंत तर त्या तुकडीतून फक्त तालुक्याच्या गावात राहणारे बोलतील, पाडे नाहीत. फेरी साडेतीन दिवसांची ठेवायची ती यासाठी. दुसरं, तिकडून लिखित संदेश कमी येतात, आवाजी जास्त: अहिराणीत, भिलीत, पावरीत. चार मिनिटांचा आवाज शहरातला निवडकरी ऐकत नाही आणि ‘नको’ म्हणून मोकळा होतो. म्हणून स्वयंसेवकाने त्याचं तीन ओळींत मराठी करायचं, ते बोलणाऱ्याला ऐकवून ‘बरोबर आहे’ म्हणून घ्यायचं आणि मगच फॉर्ममध्ये टाकायचं. मूळ आवाजही क्रमांक देऊन निवडकऱ्यांना पाठवा. पावरी बोलीतला आवाजी संदेश समजणारा एक तरी स्वयंसेवक आधी शोधा, नंतर पद्धत सुरू करा. उलट क्रमाने केलंत तर पहिल्याच फेरीत ती तुकडी गळते.

काढून टाकण्याचं बोलू. ॲडमिनने पुसायचं ते चारच प्रकारचं: कोणाचा आधार क्रमांक, फोन किंवा पत्ता; लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख, जी उघड करणं कायद्यानेही गुन्हा आहे; धमकी किंवा जात-धर्मावरून चिथावणी; आणि न पडताळलेली, माणसांच्या जिवावर उठू शकणारी अफवा. पुसलं की कारण एका ओळीत ग्रुपातच लिहा. ॲडमिनना भीती असते की सदस्याने काही लिहिलं तर गुन्हा आपल्यावर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा घाबरून सरसकट पुसत सुटू नका.

माणसांना गुण देऊ नका. स्लॅशडॉट या संकेतस्थळाने हा धडा लवकर घेतला. तिथे सदस्याची पत आकड्यात दिसायची, लोक ती वाढवण्याचा खेळ खेळू लागले, मग आकडा काढून नुसते शब्द ठेवले. तुमच्याकडे तर पत म्हणजे पुढच्या निवडणुकीतलं तिकीट, असं गणित लगेच सुरू होईल. त्यांच्या दोन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत. गुण देण्याचा अधिकार थोड्या दिवसांपुरता आणि मोजका असतो, आणि ज्या चर्चेत गुण दिले त्याच चर्चेत स्वतः लिहिता येत नाही. तुमच्या निवडकऱ्यानेही त्या आठवड्यात स्वतःचा संदेश चाळणीत आला तर तेवढ्यावर मत देऊ नये. शिवाय दर आठवड्याला मागच्या फेऱ्यांतले दहा निर्णय चिठ्ठीने काढून आधीच्या पंधरांतल्या तिघांना, प्रत्येक तुकडीतल्या एकाला, तपासायला द्या: संदेश नीट उतरवला होता का, नाव खरंच लपवलं होतं का, मराठी करताना अर्थ बदलला का.

फॉर्मची उत्तरं ३० दिवसांनी पुसा. चिठ्ठीक्रमांक आणि नाव यांची जोडणारी यादी कागदावर, एकाच माणसाकडे ठेवा आणि आठवडा संपला की फाडा. कोणाचं कुठल्या प्रश्नावर काय मत आहे याची फोन नंबरसकट तयार यादी कोणाच्याही हाती लागणं चळवळीला परवडत नाही.

बैठकीत तरीही खुल्या मतदानाचा आग्रह झाला, तर निदान सरासरी वापरू नका. तीनपैकी तीन मतं मिळालेला संदेश पन्नासपैकी चाळीस मिळालेल्याच्या वर बसतो. प्रत्येक संदेशाला दोन बाजूची आणि दोन विरुद्धची मतं आधीच जमा धरा. मग पहिल्याचं ५ भागिले ७ म्हणजे ०.७१ होतं, दुसऱ्याचं ४२ भागिले ५४ म्हणजे ०.७८. हाच हिशोब तुकडीनिहाय करून सगळ्यात कमी आकडा त्या संदेशाचा गुण धरा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुकड्या तीनच का, हे मी तुमच्या वर्णनावरून धरलंय. शहरातले कामगार आणि विद्यार्थी एकमेकांशी भांडत असतील तर चार करा. जात किंवा पक्षावरून मात्र तुकड्या पाडू नका, कोणत्या प्रश्नासाठी आलात यावरून पाडा आणि प्रत्येकाला आपली तुकडी स्वतः निवडू द्या. एखादा केळीवालाही वनहक्काचा दावेदार असतो, त्याने एक निवडावी. ग्रुप ५० च्या आतला असेल तर यातलं काहीच नको, एक चांगला वृत्तांत लिहिणारा पुरतो.

आणि निर्णय या चाळणीतून घेऊ नका. काय वाचावं एवढंच ती सांगते. मोर्चाची तारीख बैठकीत ठरवा. वनहक्काचा ठराव तर ग्रामसभेतच व्हायला हवा: तिथे निम्म्या सभासदांची गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. फोनवरचे कितीही ‘हवा’ त्याची जागा घेत नाहीत. एखाद्या वादाच्या प्रश्नावर, उदाहरणार्थ तापीच्या पाण्याच्या वाटपावर, सगळ्यांचा कल जाणून घ्यायचा असेल तर पोलिस नावाचं मुक्त सॉफ्टवेअर बघा, आपल्या पोलिसांशी त्याचा संबंध नाही. २०१५ मध्ये तैवानमध्ये उबरच्या नियमांवरच्या चर्चेसाठी ते वापरलं गेलं. लोक छोटी विधानं लिहितात, बाकीचे ‘सहमत’, ‘असहमत’ किंवा ‘पुढे’ एवढंच दाबतात. उत्तर देण्याची सोयच नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही. सुरुवातीला १०-१५ विधानं तुम्ही घाला, एका विधानात एकच मुद्दा.

पहिले चार आठवडे निवडक ग्रुपात निकालाबरोबर प्रत्येक तुकडीतून किती फॉर्म वेळेत आले, तो आकडाही टाका. पाड्यांच्या तुकडीतून पाचपैकी तीनच येत असतील तर मुदत एका आठवडी बाजाराइतकी वाढवा आणि निवडक आठवड्यातून एकदाच काढा. त्या दोन रिकाम्या जागा शहाद्यातल्या हाताशी असलेल्या माणसांनी भरू नका.